‘स्पार्टन’ हे नाव कसे आले?

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाने आपल्या क्रीडासंघांसाठी ‘स्पार्टन’ (प्राचीन ग्रीसमधील स्पार्टा या नगरराज्याचा योद्धा) हे नाव, स्पार्टन योद्धे जिथे पर्शियन सैन्याशी लढले त्या थर्मोपिलीच्या लढाईच्या गौरवासाठी विचारपूर्वक निवडले, असे म्हटले जाते. त्यात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. हे विद्यापीठ आधी कृषी महाविद्यालय होते; 1925 मध्ये त्याचे नाव बदलल्यावर ‘अ‍ॅगीज’ हे शेतीवरून पडलेले जुने संबोधन गैरलागू ठरले. नव्या नावासाठी स्पर्धा झाली आणि ‘मिशिगन स्टेटर्स’ हे नाव निवडलेही गेले. परंतु लान्सिंगच्या दैनिकातील क्रीडापत्रकार जॉर्ज आल्डरटन यांना ते मथळ्यांत बसवायला फार लांबलचक वाटले, म्हणून त्यांनी स्पर्धेच्या नाकारलेल्या प्रवेशिका पुन्हा चाळल्या, त्यांतून ‘स्पार्टन्स’ उचलले आणि 1926 मध्ये ते आपल्या बातम्यांत रुळवले. आरंभी तर त्यांच्या हातून स्पेलिंगमध्ये ‘ए’ऐवजी ‘ओ’ पडला होता!

या स्पार्टन योद्ध्याला विद्यापीठात रूप मिळाले ते 1945 मध्ये, लेनर्ड युंगवर्थ यांच्या भव्य टेराकोटा पुतळ्यामुळे. ऊनपावसाने तो झिजू लागल्यावर 2005 मध्ये त्याच्या जागी ब्राँझची प्रतिकृती उभी राहिली.

अर्थाविषयी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सातव्या वर्षापासून मुलांना घराबाहेर काढून घडवणारी स्पार्टाची शिस्त आपण आदराने सांगतो, पण त्या नागरिकांना आयुष्यभर शस्त्राभ्यास करता आला तो हेलट नावाच्या भूदासांनी त्यांची शेते कसली म्हणून. जे विद्यापीठ शेतीच्या शिक्षणासाठीच स्थापन झाले, त्याच्या प्रतीकाचा अर्थ सांगताना त्या शेत कसणाऱ्यांचा उल्लेख व्हायलाच हवा.