मदत हवी आहे: नर्सिंगमधून मृत्यूच्या तपासाकडे वळायचंय

नमस्कार ताई-दादांनो. मी जळगाव जिल्ह्यातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी). अकरा वर्षं नोकरी, त्यातली सात कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात).

कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे पेशंट येतात. पोटातून काढलेलं पाणी सील करणं, अंगावरचे कपडे जपून ठेवणं, एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद हे सगळं हाताला बसलंय. गेल्या वर्षी एक तरुण वाचला नाही. त्याची आई माझा हात धरून विचारत होती, "मना आंडोरले काय व्हयनं व माय?" (माझ्या मुलाला काय झालं गं बाई?) व्हिसेरा (मृतदेहातून काढलेले अवयवांचे नमुने) तपासणीला जायचा होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो हात अजून जाणवतो.

अमेरिकेत अनुभवी नर्स मृत्यू-तपासनीस म्हणून काम करतात. आपल्याकडे अकस्मात मृत्यूचा पंचनामा पोलिसांकडे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस, कलम १९४), शवविच्छेदन डॉक्टरांकडे. मग नर्सने शिरायचं कुठून? २०२१ च्या सुधारित बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात फॉरेन्सिक नर्सिंग (कायदा आणि तपासाशी जोडलेलं नर्सिंग) आलं, आमच्या वेळी नव्हतं.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत किंवा गांधीनगरच्या फॉरेन्सिक विद्यापीठात पोस्ट बेसिकवाल्यांना प्रवेश मिळतो का? कुणी घेतलाय का? नंतर काम काय मिळालं? मुलगा पाचवीत आहे, त्यामुळे नोकरी सोडण्याआधी नीट कळायला हवं. आणि रोज मृतदेहांजवळ काम करणाऱ्यांनी एवढं सांगा, घरी आल्यावर झोप लागते का?