रोड ट्रिपच्या सिनेमात गाडी असते, रस्ता कुठे असतो?

सह्याद्रीवाट (धागाकर्ता)

परवा घरी सगळ्या भावंडांनी मिळून ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ पुन्हा पाहिला. २०११ चा सिनेमा, धाकट्याला तोंडपाठ. संपल्यावर तो म्हणाला, “दादा, रोड ट्रिपचा सिनेमा म्हणजे हाच.” मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही हे दोन दिवस डोक्यात घोळतंय.

माझं म्हणणं असं की रोड ट्रिप म्हणून आपल्याकडे जे गाजलं, त्यात रस्ता जवळपास नाहीच. स्पेनमध्ये तिघं मित्र उघड्या टपाच्या जुन्या ब्युइकमधून फिरतात. पण त्यांच्या आयुष्यात जे काही घडतं ते समुद्राखाली, विमानातून उडी मारताना, बुन्योलच्या टोमॅटोंच्या चिखलात आणि पॅम्प्लोनाच्या बैलांपुढे. दोन मुक्कामांमधलं अंतर गाण्यात उरकतं. ‘दिल चाहता है’मध्येही (२००१) मुंबई ते गोवा गाण्यातच सरतं आणि आपण थेट शापोऱ्याच्या किल्ल्यावर पोचतो. त्या किल्ल्यावर आजही पोरं तसंच बसून फोटो काढतात. तिथवरचा रस्ता मात्र कुणाच्या आठवणीत नाही.

आमच्यासारख्यांनी मुंबई-गोवा रस्ता अंगावर काढलाय. वडखळचा खोळंबा, कशेडीची वळणं, गाडी लागणाऱ्या पोरासाठी आईच्या पिशवीत लिंबू आणि आवळासुपारी. ‘जिंदगी’ आला त्याच वर्षी या रस्त्याच्या चौपदरीकरणाला हात लागला. तेव्हा शाळेत असलेली पोरं आता नोकरीला लागली, आणि आम्ही अजून काम संपायची वाट बघतोय.

रस्ता मला दिसला तो बसच्या सिनेमात. ‘बॉम्बे टू गोवा’ (१९७२) घ्या, ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) घ्या. बसमध्ये मनासारखी माणसं निवडता येत नाहीत, नको तिथे उतरता येत नाही. शेजारचा घोरतो, मागचा भांडतो, आणि गणपतीपुळं काही जवळ येत नाही. यालाच मी प्रवास म्हणतो.

खिडकीची सीट

अजिबात सहमत नाही. रस्ता खड्ड्यांनीच सिद्ध होतो का?

‘दिल चाहता है’ आला तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या घरात कुणाकडे चारचाकी नव्हती. प्रवास म्हणजे लग्न, मयत, नाहीतर देवदर्शन, आणि कुठे थांबायचं ते वडीलधारे ठरवणार. आपल्याच वयाचे तिघं कुणाला न विचारता गाडी काढतात आणि निघतात, एवढंच पाहून मी थिएटरात सुन्न झाले होते. वळणं मोजायचं सुचलंही नाही.

‘जिंदगी’मध्ये कामात बुडालेल्या अर्जुनचा मोबाइल चालत्या गाडीतून बाहेर फेकला जातो. तो प्रसंग हॉटेलच्या खोलीत घडवून बघा, निव्वळ भांडण होईल. मागे हात नेऊन वस्तू परत घेता येत नाही, ती मागे पडत जाते, हे रस्त्यावरच कळतं. म्हणजे रस्ता आहे की नाही त्यात?

जुनी रिळं

धागाकर्त्याच्या बाजूने थोडा इतिहास. रोड ट्रिपच्या सिनेमाचं मूळ शोधत गेलात तर उघड्या टपाच्या गाडीआधी बस भेटते. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ १९३४ चा, पाच ऑस्कर मिळालेला. महामंदीचा काळ. कोट्यधीशाची मुलगी बापाच्या बोटीवरून पळते आणि मायामीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसते. एका रात्री सगळे प्रवासी मिळून गाणं म्हणतात, बस आनंदाने नुसती डोलत असते, आणि लगेच पुढे कळतं की त्याच बसमधली एक बाई उपासमारीने बेशुद्ध पडलीय, तिचं पोरगं रडतंय. श्रीमंत पोरीला आपल्या घराबाहेरचं जग पहिल्यांदा दिसतं ते त्या बसमध्ये. स्वतःच्या गाडीतून गेली असती तर ती बाई तिला भेटलीच नसती.

हीच गोष्ट आपण १९५६ साली ‘चोरी चोरी’ म्हणून आणि १९९१ साली ‘दिल है कि मानता नहीं’ म्हणून आणली. प्रेमकथा दोन्ही वेळा छान उतरली, उपाशी बाईची धग मात्र उतरली नाही. तिथूनच आपला सिनेमा रस्त्यापासून सुटत गेला असं मला वाटतं. जाता जाता, ‘बॉम्बे टू गोवा’सुद्धा १९६६ च्या ‘मद्रास टू पाँडिचेरी’ या तमिळ सिनेमावरून घेतलेला आहे. बसची गोष्ट कुठल्याही मातीत रुजते.

रातराणी

बसचं एवढं कौतुक चाललंय म्हणून एक बाई म्हणून लिहिते. रातराणीने बारा वर्षं ये-जा केली. शेजारच्या सीटवरचा हात मांडीवर येतो तेव्हा ‘नाना तऱ्हेची माणसं भेटतात’ हे वाक्य फार वेगळं ऐकू येतं. आपल्या गाडीचं दार आतून लावून घेता येणं ही मला चैन वाटत नाही.

आणि बाईच्या वाट्याला सिनेमाने कुठला रस्ता दिला? ‘एनएच १०’मध्ये (२०१५) जिवावर बेततं. ‘थेल्मा अँड लुईस’मध्ये (१९९१) दोघी निघतात त्या परत येतच नाहीत. ‘हायवे’मध्ये (२०१४) मुलीला मोकळं वाटतं, पण त्यासाठी आधी तिचं अपहरण व्हावं लागतं. पुरुष मजेत जाऊन शहाणे होऊन येतात, बायकांनी मात्र किंमत मोजायची. म्हणूनच ‘झिम्मा’ (२०२१) बघताना मला भरून आलं. सातजणी इंग्लंडला जातात आणि भांडून, रडून, हसून सुखरूप घरी येतात. सहलीच्या कंपनीबरोबर जातात, खऱ्या अर्थाने रोड ट्रिप नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

खिडकीची सीट

रातराणी, बाकी सगळं मान्य, पण ‘हायवे’बद्दल नाही. त्या मुलीवर लहानपणी अत्याचार झालाय, तोही घरातल्या माणसांच्या ओळखीच्याकडून, आणि आईने गप्प बसायला सांगितलंय. ट्रकमध्ये तिला मोकळं वाटतं ते अपहरणामुळे नव्हे, घर सुटल्यामुळे. दार आतून लावलं की बाई सुरक्षित, हा समजच तो सिनेमा मोडतो.

सह्याद्रीवाट

‘हायवे’ माझ्या यादीतून निसटला ही माझी चूक. राजस्थानच्या वाळूपासून काश्मीरच्या बर्फापर्यंत तो ट्रक खरंच रस्त्यावर आहे.

रातराणी, तुमचं वाचून मी थांबलो. बसमधली गर्दी मी पुरुषाच्या नजरेने आठवत होतो. तरी एक सांगतो. माझ्या आईने एकटीने प्रवास केला तो एसटीनेच. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि ती सांगलीच्या मावशीकडे मनात येईल तेव्हा जायला लागली. कुणी सोडायला नको, कुणाकडे पैसे मागायला नकोत. चौसष्टाव्या वर्षी. तिच्यावर कुणी सिनेमा काढलेला नाही.

टपावरचं सामान

‘पिकू’चं (२०१५) नाव अजून कसं आलं नाही? दिल्ली ते कोलकाता, टपावर बांधलेली बापाची कमोडची खुर्ची, आणि सगळ्या वाटेवर पोट साफ होण्याची चर्चा. म्हातारं माणूस घेऊन लांबचा प्रवास केलेल्या प्रत्येकाचा तो सिनेमा आहे. रस्ता हवा होता ना? घ्या.

स्टेअरिंगमागे

सगळं वाचलं. माझे बाबा एकतीस वर्षं भाड्याची टुरिस्ट गाडी चालवत होते, म्हणून लिहिते.

‘पिकू’ मलाही आवडतो. पण त्यात टॅक्सी कंपनीचा मालक स्वतः गाडी चालवायला बसतो, कारण ड्रायव्हर यायला तयार नसतात. मालक असल्यामुळेच तो जेवायला बरोबर बसू शकतो, बापाशी वाद घालू शकतो, मुलीला आवडू शकतो. पगारी ड्रायव्हर असता तर ढाब्यावर वेगळ्या टेबलाला बसला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. आपल्यातले बहुतेक लोक लांबच्या सहलीला ड्रायव्हर घेऊन जातात. सिनेमात तो दिसतो का? ‘बॉम्बे टू गोवा’चं मोठेपण मला इथे वाटतं. अन्वर अली ड्रायव्हर आणि मेहमूद कंडक्टर, दोघांना त्यात मानाची जागा आहे.

गोव्याला पाहुणे हॉटेलात उतरायचे आणि बाबा गाडीत झोपायचे, काचा दोन बोटं खाली करून, डासांची अगरबत्ती लावून. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या, त्या रात्री ते चिपळूणहून परत निघणार होते. पाहुण्यांनी एक दिवस मुक्काम वाढवला म्हणून आम्हाला बाबा मिळाले. आधी त्याच पाहुण्यांवर ते चिडले होते, वाढीव दिवसाचे पैसे देत नव्हते म्हणून.

खिडकीची सीट

वाचून गलबलले. तरी एक मुद्दा मांडते, राग मानू नका. या सिनेमांत मित्र स्वतः गाडी चालवतात ते काही ड्रायव्हरला कमी लेखायला नाही. गाडीत परका माणूस आला की गप्पा बदलतात. मनातलं बाहेर यायला चार दारांच्या आत फक्त आपली माणसं लागतात. ड्रायव्हर घेतला की तो सिनेमा होणारच नाही.

स्टेअरिंगमागे

राग कसला? पण तुमच्या उलट अनुभव सांगते. बाबा म्हणायचे, पनवेल सुटलं की मागच्या सीटवरची माणसं विसरतात की पुढे कुणी बसलंय. वाटण्या, दुखणी, सुनेच्या तक्रारी, मोडायला आलेली लग्नं, सगळं त्यांच्या पाठीमागे बोललं गेलं. एकदा एक जोडपं माणगावपासून रडत होतं. मूल गेलं होतं त्यांचं. बाबांनी पोलादपूरला न सांगता गाडी थांबवली, दोन चहा आणून खिडकीतून दिले आणि स्वतः बराच वेळ बॉनेट उघडून उभे राहिले. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.