मदत हवी आहे: शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या भाच्याला घेऊन सोलापूरजवळच्या ढाब्यावर जेवायला जायचंय

सातरस्ता:

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला भाऊ-वहिनी पुण्याहून येताहेत. यात्रा उरकली की सगळ्या घरानं गावाकडच्या एखाद्या ढाब्यावर जाऊन जेवावं, अशी अप्पांची फार इच्छा आहे. शेताच्या कडेला टाकलेल्या बाजा, चुलीवरची भाकरी, बाजार आमटी, खाणाऱ्यांना मटण, आणि हंगाम आहे म्हणून आधी हुरडा. लहानथोर धरून वीसेक माणसं होतील.

अडचण एकच आहे, पण मोठी आहे. भाचा सात वर्षांचा आहे आणि त्याला शेंगदाण्याची जोराची ॲलर्जी आहे. नुसतं अंगावर पित्त उठून भागत नाही, ओठ सुजतात आणि श्वास अडकतो. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन वहिनीच्या पर्समध्ये कायम असतं. ते मांडीत कसं द्यायचं हे डॉक्टरांनी दोघांनाही शिकवलंय. तीळ, खोबरं, काजू आणि डाळी त्याला चालतात, तपासण्या झाल्या आहेत. फक्त शेंगदाणा चालत नाही.

आता आपल्याकडे शेंगदाणा कुठे नसतो ते सांगा. बसल्या बसल्या ताटात शेंगाचटणी येते. भरल्या वांग्यात कूट, दोडक्यात कूट, कोशिंबिरीत कूट, ठेच्यात भाजके दाणे, पालेभाजीत अख्खे दाणे. त्यात हा संक्रांतीचा आठवडा, म्हणजे भोगीच्या भाजीत ओले दाणे आणि तिळगुळातही कूट. पुण्यात वहिनी घरी सांभाळून घेते, पण इथे आल्यावर पोराला घराबाहेर काढायचं म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो.

दिवाळीत एका ढाब्यावर (नाव लिहीत नाही) वाढप्याला आम्ही स्पष्ट विचारलं होतं, "ह्या भाजीत शेंगदाणे आहेत का?" तो म्हणाला, "नाहीत ताई." दोन घासांत पोराचा ओठ सुजायला लागला. इंजेक्शन दिलं, सिव्हिलला नेलं, रात्रभर ठेवून घेतलं. पोरगा नीट आहे. नंतर भाऊ त्या ढाब्यावर जाऊन विचारून आला, तर रश्श्याच्या वाटणातच दाणे होते. वाढपी खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर अख्खे दाणे होते, आणि ते भाजीत खरंच नव्हते. वाटणात काय जातं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तेव्हापासून बाहेर कुठे गेलो की भाच्याचा डबा वेगळा असतो. सगळे पंगतीत गरम भाकरी कुस्करतात आणि हा बाजूला स्टीलच्या डब्यातला थंड वरणभात खातो. तो तक्रार करत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. अप्पांच्या मांडीला मांडी लावून त्याला ह्या वेळी तेच जेवण जेवता यावं, एवढीच माझी इच्छा आहे. डबा नेणं सोपं आहे हे मला कळतं. कृपया तो सल्ला देऊ नका.

मला विचारायचंय ते असं. ढाब्याच्या मालकाशी नेमकं काय आणि कसं बोलावं म्हणजे खरं उत्तर मिळेल? आपल्याकडच्या कुठल्या पदार्थांत मुळातच शेंगदाणा लागत नाही? आणि हुरड्याचं काय करायचं? हुरड्यासोबत चटणी असतेच, आणि चोळणारे हात तेच असतात. जागा शहरापासून फार लांब नको, तासाभराच्या आत दवाखाना गाठता आला पाहिजे.

माळवं:

ताई, तेलाचंही विचारा. रिफाइंड शेंगतेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण घाण्याच्या तेलात उरतात, आणि हल्ली गावाकडच्या हॉटेलांत "लाकडी घाण्याचं तेल" अशा पाट्या लागल्या आहेत. आम्ही भाचीसाठी (तिलाही हेच आहे) घरचं करडईचं तेल सोबत नेतो. करडई आपल्या भागातलीच, चव कुणाला परकी लागत नाही. एकदा तेल आपलं झालं की तेवढा प्रश्न सुटतो.

पदार्थांचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी निर्धास्त, तिला तेलही लागत नाही. पिठलं चालेल. बाजार आमटी मिश्र डाळींची आणि काळ्या मसाल्याची, तिला कूट लागत नाही, तरी दाटपणासाठी कुणी काही टाकतं का ते विचारायचंच. मटणात अळणी सगळ्यात बरी, कारण मसाला पडायच्या आधीच ती काढून घेतात. गोडाला गव्हाची खीर. भरलं वांगं आणि ठेचा सोडून द्या. कूट न घालता वांगं करायला सांगितलं तरी आचाऱ्याचा हात सवयीनं डब्याकडे जातो.

भीमाकाठ:

आमच्या लहानपणी असली ॲलर्जी कुणाला ऐकली नव्हती. थोडं थोडं चाटवत गेलं की सवय होते. माझ्या पुतण्याला दुधाचं असंच होतं, आता ग्लासभर पितो.

बालदवाखाना:

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून भीमाकाठ यांच्या प्रतिसादावर थांबून लिहितो. हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो धोक्याचा आहे.

दुधाची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात आपोआप जाते. शेंगदाण्याची फार थोड्या मुलांची जाते. थोडं थोडं देऊन सहनशक्ती वाढवण्याचा उपचार आहे, हे खरं. पण तो मिलिग्रॅममध्ये मोजून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हाताशी औषधं ठेवून करतात. ढाब्यावर बोट चाटवणं म्हणजे तो उपचार नव्हे. २०१५ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की धोका जास्त असलेल्या तान्ह्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला, तर पुढे ॲलर्जी होण्याचं प्रमाण बरंच घटतं. तो ॲलर्जी होऊ नये म्हणूनचा उपाय झाला. झालेल्या ॲलर्जीवर तो लागू पडत नाही.

सातरस्ता, तुम्हाला थोड्या कामाच्या गोष्टी सांगतो. दाणे भाजले किंवा तळले म्हणून ते सुरक्षित होत नाहीत, भाजल्यानं ॲलर्जी उलट वाढू शकते. नुसत्या वासानं जोराचा त्रास सहसा होत नाही, तो पोटात गेल्यावर होतो. त्यामुळे शेजारच्या बाजेवर कुणी चटणी खात असेल तर घाबरून उठायची गरज नाही. मात्र हात साबण-पाण्यानंच धुवायचे. सॅनिटायझरनं जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. ओल्या फडक्यानं टेबल पुसलेलं चांगलं, पण फडकं तुमचं असू द्या.

त्रास सुरू झालाच तर आधी ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. खाजेची गोळी किंवा सिरप देऊन वाट बघत बसायचं नाही. त्यानं खाज कमी होते, श्वास आणि रक्तदाब सावरत नाही. मुलाला आडवं करून पाय उंच करा. श्वास लागत असेल तर बसवा, पण चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी तयार असेल तर निघा. बरं वाटलं तरी दवाखान्यात थांबायचं, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. दिवाळीत तुम्हाला रात्रभर ठेवून घेतलं ते ह्याचसाठी. इंजेक्शन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, जानेवारीतही आपल्याकडे दुपारी गाडी तापते.

चूलभाकर:

बार्शी रस्त्याला माझं छोटं हॉटेल आहे. जाहिरात नको म्हणून नाव लिहीत नाही. आतून काय चालतं ते सांगतो, म्हणजे विचारायचं काय ते तुम्हाला उमजेल.

आमच्याकडं दिवसाचं वाटण सकाळीच होतं. एक लाल, एक काळं. दुपारी गिऱ्हाईक काहीही मागू दे, शेव भाजी, अंडा करी, मटण, ह्या दोन वाटणांतलंच जातं. खोबरं आणि काजू महाग, म्हणून दाटपणाला भाजके दाणे बऱ्याच ठिकाणी घालतात. त्यात चोरी काही नाही, चव चांगली येते. पण "शेंगदाणे आहेत का" असं वाढप्याला विचारून उपयोग नाही. त्यो पोरगा कालच कामाला आलेला असतो. आचाऱ्याला विचारायचं, आणि असं विचारायचं: वाटणात काय काय जातं, तेल कुठलं, दाणे कुठल्या कढईत भाजता, मिक्सर एकच का दोन. खरा आचारी चारही उत्तरं खडाखडा देतो. अडखळला तर तिथं जेवू नका.

दुसरी गोष्ट पळीची. रविवारी दुपारी गर्दी झाली की ह्या पातेल्यातली पळी त्या पातेल्यात जाते. मालक देव असला तरी थांबवू शकत नाही. म्हणून रविवार नको, अमावास्या-पौर्णिमेला तुळजापूर-अक्कलकोटच्या वाटेवर भाविकांची गर्दी असते, तेही नको. मधल्या वारी, साडेअकराला येऊन बसा. भांडी घासलेली असतात, पातेली नुकती उतरलेली असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही पोराचं ताट वेगळं करायचा विचार करताय, तो सोडा. वीस माणसं म्हणजे आमच्यासाठी लहान ऑर्डर नाही. दोन दिवस आधी सांगा, थोडी रक्कम जमा करा, आणि वीसही जणांचं जेवण बिनशेंगांचं करून मागा. एका ताटासाठी वेगळी कढई ठेवायला कुणी तयार होत नाही, झालं तरी गडबडीत चुकतं. वीस ताटांसाठी मात्र चूल वेगळी पेटते, पातेलं वेगळं, पळी वेगळी, वाटण खोबऱ्या-तिळाचं पाट्यावर. तव्यावर दुसरं काही पडायच्या आत तुमच्या भाकरी. पंगतीत चटणीच नाही म्हटल्यावर कुणाच्या खरकट्या हाताची भीती नाही. मोठ्या माणसांना एक दिवस शेंगाचटणी नाही मिळाली तर काय बिघडतंय?

हुरड्याचं पण तसंच. आगटी (हुरडा भाजायचा विस्तव) तुमची वेगळी लावून घ्या, चोळणारा गडी साबणानं हात धुऊन बसेल. गूळ, दही, लसणाचं तिखट, बोरं एवढं ठेवा. गूळभेंडी ज्वारीचा कोवळा हुरडा असेल तर तोंडी लावायला काही लागतही नाही. सुपं आणि टोपल्या धुतलेल्या मागा, कारण शेंगदाणे पाखडायलाही तीच वापरतात. हे कुणी विचारत नाही.

माळवं:

सुपाचं आम्हीही कधी विचारलं नव्हतं. धन्यवाद.

सातरस्ता:

चूलभाकर दादा, वीसही ताटं सारखी करायचं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अप्पांना वाचून दाखवलं. शेंगाचटणीशिवाय त्यांचं एक जेवण होत नाही, पण ते लगेच म्हणाले, "त्या दिवशी घरात पण नको, डबा वरच्या फळीवर ठेवा." वहिनीला फोन केला, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, पत्ता पाठव.

डॉक्टरांचं भावाला पाठवलंय. त्यांच्याकडे आता दोन इंजेक्शनं आहेत. एक वहिनीकडे आणि एक अप्पांच्या पिशवीत राहील, आणि कसं द्यायचं ते मीही शिकून घेणार आहे.

यात्रेतल्या शोभेच्या दारूनंतरच्या आठवड्यातला बुधवार धरतोय. बार्शी रस्त्यावर नान्नजच्या अलीकडे कुठे जमलं तर बरं, सिव्हिलला परत यायला सोपं पडेल. वीस माणसांसाठी करडईचं तेल किती आणू, आणि काळा मसाला घरचा दिला तर चालतं का? आमचा मसाला आई घरीच कुटते, त्यात दाणे नसतात ह्याची खात्री आहे. विकतच्या पाकिटावर ॲलर्जीची सूचना छापलेली असते, पण सुट्या मसाल्याचं काहीच कळत नाही.

चूलभाकर:

बुधवार चांगला. तेल दोन लिटर आणा, उरेल. मसाला जरूर आणा, अर्धा किलो पुरे, आणि तो झाकणाच्या डब्यात असू द्या, पिशवीत नको. भाकरीचं पीठ आम्ही गिरणीतून नवीन दळून आणतो, तरी तिथं त्याआधी काय दळलं ते विचारून घेतो. मेसेज करा, आमच्याकडं नाही जमलं तर शेजारच्या वस्तीवर हुरड्यासह करून देणारे आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवतो. फक्त माणसांचा आकडा आदल्या संध्याकाळपर्यंत पक्का कळवा, मटण त्याप्रमाणे सांगावं लागतं.