मदत हवी आहे: अगदी छोट्या जातीचं कुत्रं (टॉय पॉम म्हणजे पॉमेरेनियन, किंवा चिवावा) घेण्याआधी काय काय बघावं?

कडीपत्ता

नमस्कार मंडळी,

लेक अकरा वर्षांची आहे, तिला कुत्रं हवंय. वर्षभर तोच जप चालू आहे. नवऱ्याचा विरोध मावळलाय, पण "या दोन खोल्यांत लॅब्राडॉर राहील की आपण?" हा प्रश्न कायम. सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात, आणि मी ऑफिसला जाते त्या दिवशी दुपारभर घरी त्याच असणार. ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो.

शोधाशोधीत इन्स्टावर एक "टीकप पॉम" दिसला. तळहातावर मावणारं पिल्लू. विकणारा म्हणतो, मोठं झालं तरी दीड किलोच्या वर जाणार नाही, खाणं चिमूटभर, खाली फिरवायला न्यावं लागत नाही, म्हाताऱ्या माणसांना तर एकदम बेस्ट. किंमत ६५ हजार, त्यातले १५ हजार आधी जीपेवर. पिल्लू सध्या पाच आठवड्यांचं आहे. "आत्ताच न्या, लहानपणी नेलं की लळा जास्त लागतो" असंही म्हणाला. लेकीने तर नावसुद्धा ठरवलंय.

मला कुत्र्यांतलं काही कळत नाही. माहेरी मोती होता, पण तो अंगणात वाढला, त्याचं कुणी काही केलं नाही. इतकं छोटं जनावर घरात आणायचं तर नेमकं काय माहीत हवं? सोसायटीत अडवतील का? सासूबाईंना झेपेल का? आणि हा माणूस सांगतोय त्यातलं खरं किती?

---

निळी_छत्री

आमच्याकडे चिवावा आहे. चिंगी. नऊ वर्षांची, वजन २.४ किलो. त्यामुळे रोजचं सांगू शकते.

"फिरवावं लागत नाही" हे साफ खोटं. दोन वेळा खाली न्यावंच लागतं. किलोमीटरभर पळवायचं नसलं तरी वास घेत हिंडणं ही तिची गरज आहे. ज्यांची छोटी कुत्री बाहेर पडत नाहीत ती बेल वाजली की अर्धा तास भुंकतात, शेजाऱ्यांना विचारा. आणि खाली गेलं की डोळे चौफेर ठेवायचे. सोसायटीतली भटकी कुत्री बहुतेक वेळा काही करत नाहीत, पण एखाद्याने खेळायला म्हणून जरी हिसडलं तरी अडीच किलोच्या जिवाचं काय होईल ते सांगायला नको. उचलून कडेवर घ्यायची सवय आमच्या सगळ्यांच्या हाताला झालीय.

घरातला खरा धोका म्हणजे आपण माणसं. ही जात पांघरुणात शिरून झोपणारी. सोफ्यावर पडलेल्या शालीखाली चिंगी असू शकते, आणि पाहुणे येतात ते धपकन बसतात. आमच्याकडे नियम आहे, आधी हाताने चाचपायचं, मग टेकायचं. नवीन माणूस दारातून आत आला की चपला काढायच्या आधी त्याला हे सांगितलं जातं.

गॅलरीच्या ग्रिलला खालून दोन फूट बारीक जाळी ठोकून घ्या, सातवा मजला म्हणताय म्हणून. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून अंग सहज जातं. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पायपुसण्यासारख्या रबरी तळाच्या सतरंज्या टाका. सोफ्याला पायरी.

आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, सत्यनारायणाचा शिरा नाही. बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. मोठ्या कुत्र्याने दोन बेदाणे खाल्ले तर कदाचित निभावतं, पण दोन किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत तेवढेही खेळण्यावारी नेऊ नयेत. कांदा-लसणाची आमटी कालवून भात द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, तीही बंद. चॉकलेट बंद. लेकीचं शुगरफ्री च्युइंगगम दप्तरात असेल तर दप्तर वर टांगा, त्यात झायलिटॉल असतं, ते गोड द्रव्य कुत्र्यांना विषारी.

---

गावठी_प्रेमी

६५ हजार?? ताई, खाली कचराकुंडीपाशी पिल्लं फुकट आहेत. इंडी, म्हणजे आपलं गावठी, घ्या. न आजार, न नखरे.

---

प्राण्यांचा_डॉक्टर

छोट्या प्राण्यांची प्रॅक्टिस करतो, म्हणून थोडं सविस्तर.

आधी ते १५ हजार पाठवू नका. टीकप नावाची जात जगातल्या कुठल्याही केनेल क्लबच्या यादीत नाही. पॉमेरेनियनचं अमेरिकी मानकातलं वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. चिवावा ६ पौंडांच्या, म्हणजे २.७ किलोच्या आत. मुळात एवढी लहान जात, तिच्यातली सगळ्यात किरटी नर-मादी एकमेकांशी लावत गेलं की "टीकप" निघतं. किंवा पिल्लू आजारी असतं. किंवा अर्धपोटी ठेवलेलं. किंवा वय खोटं सांगितलेलं असतं: पाच आठवड्यांचं पिल्लू आठ आठवड्यांचं म्हणून खपवलं की ते आपोआप "टीकप" दिसतं. तुमचा माणूस निदान वय तरी खरं बोलला, पण त्या वयाचं पिल्लू आईपासून तोडायचंच नसतं. आठ आठवडे ही कमीत कमी मर्यादा, आणि एवढ्या लहान जातीत मी दहा-बारा आठवडे सांगतो.

कारण साखर. या पिल्लांच्या यकृतात साठा नगण्य असतो. जेवणात मोठं अंतर पडलं, गार वाऱ्यात राहिलं, जुलाब झाले, प्रवासाचा ताण आला, की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पिल्लू मलूल होतं, झोकांड्या देतं, थरथरतं, मग फिट येते. रात्री दहाला ठीक होतं आणि सकाळी गेलं, या कहाण्यांतल्या बऱ्याचशा याच असतात. पहिले तीन-चार महिने दिवसातून चार वेळा खाणं, त्यातलं शेवटचं झोपायच्या आधी. घरात ग्लुकोज पावडर ठेवा. लक्षणं दिसली तर दाट कालवून बोटाने हिरड्यांना चोळा आणि तडक दवाखाना. शुद्धीत नसलेल्या पिल्लाच्या तोंडात चमच्याने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आता हाडं. टॉय जातींत पुढच्या पायाचं, मनगटाच्या जरा वरचं हाड मोडणं ही नेहमीची केस. मोटारीखाली वगैरे येऊन नाही, सोफ्यावरून किंवा मुलांच्या हातातून उडी मारून. त्या जागी रक्तपुरवठा कमी, त्यामुळे नुसत्या प्लास्टरने पुष्कळदा जुळत नाही, प्लेट टाकावी लागते. लेकीसाठी एकच नियम करा: पिल्लाशी खेळायचं तर जमिनीवर बसून. उभ्याने उचलायचं नाही.

मागच्या पायात गुडघ्याची वाटी सरकते. कुत्रं धावता धावता दोन-चार पावलं एक पाय वर धरतं आणि पुन्हा काही झालंच नाही असं चालायला लागतं. लोक याला लाडिकपणा समजतात. पहिल्या दर्जाची, म्हणजे सगळ्यात सौम्य, असेल तर वजन आटोक्यात ठेवून भागतं, चौथ्या दर्जाला ऑपरेशन. श्वासनलिका नाजूक असते, तिच्या कड्या ढिल्या पडल्या की बदक ओरडावं तसा कोरडा खोकला येतो. म्हणून गळ्यात पट्टा घालून ओढायचं नाही, छातीचा हार्नेस घ्यायचा. चिवावात काहींची टाळू, म्हणजे डोक्यावरची कवटीतली मऊ जागा, आयुष्यभर भरत नाही. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो, पण डोकं घुमटासारखं मोठं, डोळे बाहेर वळलेले आणि पिल्लू एका बाजूला गोल गोल फिरत असेल तर ते घेऊ नका.

दातांकडे सगळे दुर्लक्ष करतात. इवल्याशा जबड्यात दात तेवढेच, ४२. दुधाचे दात पडत नाहीत, त्यांच्या शेजारीच पक्के येतात, मध्ये घाण अडकते. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचे सुळे दिसत असतील तर नसबंदीच्याच भुलेत काढून घ्या, म्हणजे दोनदा भूल द्यावी लागत नाही. ब्रश रोज, आणि तो कुत्र्यांच्याच पेस्टने.

---

नियमावर_बोट

डॉक्टरांनी वयाचं सांगितलंच आहे, कायद्यातही तेच आहे. केंद्र सरकारचे श्वान प्रजनन व विक्रीचे नियम २०१७ चे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, पिल्लाला मायक्रोचिप आणि वयानुसार लसी झालेल्या लागतात. त्या इन्स्टावाल्याला नोंदणी क्रमांक विचारून बघा, बहुतेक ब्लॉकच करेल.

"केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर" या शब्दाला भुलू नका. तो वंशावळीचा कागद आहे, तब्येतीचा नाही. त्यावरचा चिप नंबर आणि पिल्लाच्या मानेतला नंबर स्कॅनरने जुळवून घ्या. स्कॅनर कुठल्याही बऱ्या दवाखान्यात असतो.

सोसायटी: कुत्रं पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसेही लावता येत नाहीत. भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, प्रिंट काढून ठेवा. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी फरक पडत नाही. मात्र शी तुम्हीच उचलायची. महापालिकेचा परवाना काढा, त्यासाठी रेबीजची लस झाल्याचा दाखला लागतो.

---

निळी_छत्री

@गावठी_प्रेमी, इंडीबद्दल आदर आहे, पण अठरा किलोचं तरुण गावठी कुत्रं भटक्याला बघून ओढायला लागलं तर दुखऱ्या गुडघ्यांच्या आजींचं काय? प्रत्येक धाग्यावर एकच औषध नसतं.

---

गावठी_प्रेमी

मान्य. पण मग आजींच्या पायात घोटाळणारं दोन किलोचं कुत्रं सुरक्षित, हे कुणी ठरवलं? माझी आत्या पामेरियनला अडखळूनच पडली. छोटं कुत्रं दिसत नाही, हाच प्रॉब्लेम आहे.

---

पुरण_कमी_गोड

वरच्या मुद्द्याला +१. आमच्या आईसाठी हार्नेसला एक घुंगरू अडकवलं होतं, ती चष्मा न लावता स्वयंपाकघरात जाते म्हणून. खूप फरक पडला. मोठं घुंगरू नको, कुत्रं वैतागतं.

मोठं झालेलं कुत्रं घेण्याचा विचार करा असं मी म्हणेन. तीन-चार वर्षांचे पॉम मुंबई-पुण्यात दत्तक मिळत असतात, लोक परदेशी जातात, घरात बाळ येतं, मग नको होतात. वजन जे व्हायचं ते झालेलं असतं, स्वभाव दिसतो, रात्री तीनला उठून भरवावं लागत नाही. ही कुत्री चौदा-पंधरा वर्षं सहज जगतात, तेही हिशोबात धरा. लेक कॉलेज संपवून बाहेर पडेल तेव्हाही ते तुमच्याकडेच असेल.

अवांतर: नव्वदीत आपल्याकडे घरोघरी जो "पामेरियन" होता, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ. पाच-सात किलोचा, धडधाकट, उन्हातान्हात टिकणारा. आजही स्वस्तातला पॉम म्हणून तोच मिळतो, आणि मला विचाराल तर तुमच्या घराला तोच बरा. पॉमसुद्धा मुळात एवढा लहान नव्हता. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून लहान चणीचे आणले, तिथून बुटक्या पॉमची फॅशन आली.

---

कडीपत्ता

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. त्या माणसाला "पिल्लाची आई व्हिडिओ कॉलवर दाखवा" म्हटलं, तर म्हणाला आई फार्मवर आहे, तिथे नेटवर्क नाही. नोंदणी क्रमांक विचारल्यावर खरंच ब्लॉक केलं.

लेक रडली, मग तिला डॉक्टरांचा प्रतिसाद वाचायला दिला. आता ती मला "आई, उभ्याने उचलायचं नाही" म्हणून दम देतेय. कुत्रं अजून यायचंय.

ऑफिसातल्या एकीच्या नात्यात डोंबिवलीला घरगुती पिल्लं आहेत, स्पिट्झच, नऊ आठवड्यांची. रविवारी बघायला जायचंय. दत्तकासाठीही दोन ठिकाणी नाव दिलंय. डॉक्टरसाहेब, तिथे गेल्यावर काय बघू? आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर कुठे जायचं?

---

प्राण्यांचा_डॉक्टर

आई बघा. तिचं वजन, तिचा स्वभाव. ती अंगावर आली किंवा कोपऱ्यात दडली तर पिल्लू कितीही गोड असलं तरी परत या. सगळी भावंडं एकत्र बघा आणि सगळ्यात लहान दिसणारं उचलायचा मोह टाळा. पिल्लू खाताना बघा, जेवणाच्या वेळेलाच जा. नाक-डोळे वाहत नकोत, शेपटीखाली स्वच्छ, पोट फुगलेलं नको (बहुतेक वेळा जंत). लसीच्या पुस्तकावर स्टिकर चिकटवलेलं हवं, नुसती तारीख लिहिलेली चालत नाही. पार्वो (पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) या दिवसांत खूप आहे. शेवटचा डोस साधारण सोळाव्या आठवड्यात होईपर्यंत खाली जमिनीवर सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा म्हणजे आवाजांची सवय होते.

गोचिडांचं औषध दुकानातून परस्पर घेऊ नका. पाकिटावर वजनाचा गट असतो, मोठ्या कुत्र्याचं अर्धं करून घालणारे लोक मी पाहिलेत.

रात्रीचा दवाखाना पिल्लू आणायच्या आधी शोधून ठेवा, एकदा फोन करून खरोखर कुणी उचलतं का तेही बघा. मोठ्या तपासण्यांसाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, महालक्ष्मीला टाटांचं २०२४ मध्ये सुरू झालंय. पण ठाण्याहून रात्री तिथपर्यंत जायला लागणारा वेळ मोजा.

घरी आणल्यावर रोज सकाळी खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. वाढत्या पिल्लाचं वजन लागोपाठ दोन दिवस उतरलं तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता घेऊन या.

---

कडीपत्ता

घरी स्वयंपाकाचा पाच किलोचा काटा आहे. तो चालेल ना?

---

निळी_छत्री

पहिले काही महिने आरामात. त्यावर खोलगट पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि पिल्लू त्यात बसवा. पातेल्यात जुना टॉवेल घाला, नाहीतर गार लागून उडी मारेल. आणि ते पातेलं सासूबाईंना विचारून निवडा.