कोरसवाल्यांनी कोरसमध्येच राहायचं का? (स्वीट इन्स्पिरेशन्स, १९६७)

तबकडीवाला
काल इथे एकाने स्वीट इन्स्पिरेशन्स ह्या चार अमेरिकन गायिकांच्या ग्रुपबद्दल लिहिलंय, "स्वीट इन्स्पिरेशन्सचा पहिला अल्बम म्हणजे उसनवारीचा माल, कोरसवाल्या बायकांनी कोरसमध्येच राहावं." वाचून डोकंच फिरलं. अहो, त्या काळात अरेथा फ्रँकलिनसारख्या बड्या गायिकेच्या मागे कोण गात होतं? ह्याच चौघी, सिसी ह्यूस्टन, सिल्व्हिया शेमवेल, मर्ना स्मिथ, एस्टेल ब्राउन. गायक व्हॅन मॉरिसनच्या 'ब्राउन आइड गर्ल' गाण्याला पण ह्याच. मग अटलांटिक रेकॉर्ड कंपनीने एकदाचा त्यांच्या नावाने अल्बम काढला तर काय उपकार केले का? 'लेट इट बी मी' ऐका जरा, एव्हर्ली ब्रदर्सचं गोडगोड गाणं ह्यांनी सरळ चर्चात नेऊन उभं केलंय.

खवट_सदाशिव
मीच तो "एकाने". अल्बममधलं 'नॉक ऑन वुड' एडी फ्लॉइडचं, 'डोन्ट फाइट इट' विल्सन पिकेटचं, 'रीच आउट फॉर मी' तर सिसीच्या भाचीचं, डियॉन वॉरविकचं. घरातल्या घरात उसनवारी! आणि चौघी एकमेकींत इतक्या मिसळतात की पुढे कोण गातंय तेच कळत नाही. अरेथा पहिल्या ओळीत ओळखू येते.

एडिसनकर
तेव्हा सगळेच एकमेकांची गाणी गायचे हो. अरेथाचं गाजलेलं 'रिस्पेक्ट' मुळात ओटिस रेडिंगचं, तिला कोणी म्हणतं का उसनवार? मी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या जवळच राहतो, तिथल्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चचा कॉयर (गायकवृंद) सिसीने वर्षानुवर्षं सांभाळला. ऑफिसातल्या एकीबरोबर मी अशाच एका चर्चला गेलो होतो, एकजण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात, कधी कोण पुढे येईल नेम नाही. आपले झीलकरी असतात ना, तसंच.

खवट_सदाशिव
झीलकरी!! "जी जी रं जी" म्हणून पोवाडा कोणाच्या नावावर झालाय का कधी?

डफ_तुणतुणं
झीलकऱ्यांवर घसरायचं काम नाही. माझ्या आजोबांनी तीस वर्षं झील धरली. शाहिराचा दम तुटला की अख्खं कडवं तेच ओढून न्यायचे, सुपारी मात्र शाहिराच्या खिशात आणि जत्रेच्या पत्रकावर "आणि साथीदार". ते साथीदार म्हणजे आमचे आजोबा.

रसिका_ठाणे
अगदी! माझी मावशी सत्तरच्या दशकात मुंबईत रेकॉर्डिंगला कोरसला जायची. सकाळी आठला स्टुडिओत हजर, दुपारपर्यंत नुसत्या रिहर्सल, आणि तबकडीवर छापून काय तर "व कोरस". एका गाण्यातली वरची तान तिची आहे, रेडिओवर लागलं की आम्ही पोरं ओरडायचो, पण शाळेत सांगितलं तर सगळ्या हसल्या. मी नंतर सांगणंच सोडलं.

खवट_सदाशिव
मावशींना आणि आजोबांना साष्टांग नमस्कार. त्याने अल्बम सुधारला का?

डफ_तुणतुणं
असले नमस्कार तुमच्याकडेच ठेवा. म्हाताऱ्या माणसाची टिंगल करायला अक्कल लागत नाही.

तबकडीवाला
अहो अल्बमवर या की! त्यातलं 'स्वीट इन्स्पिरेशन' गाणं कोणाचं उसनं आहे? डॅन पेन आणि स्पूनर ओल्डहॅमने ह्यांच्याचसाठी लिहिलं, मेम्फिसला रेकॉर्ड झालं आणि ६८ साली बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत १८ नंबरपर्यंत गेलं.

खवट_सदाशिव
बरं, ते एक दिलं. घ्या. एका गाण्यावर अल्बम तरत नाही. आणि ६९ ला लास व्हेगासमध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्याच ना?

एडिसनकर
आणि सिसी लवकरच ग्रुपमधून बाहेर पडली, ते नाही सांगणार तुम्ही. अरेथाचं 'एन्ट नो वे' लावा, मागून जो आवाज वर वर चढत जातो तो सिसीचा. तेवढा वजा करून गाणं ऐकवा मला.

खवट_सदाशिव
तिथे ती भारीच आहे, कबूल. पण उभी कुठे आहे? मागेच ना? मग मी काल वेगळं काय म्हणालो होतो?

रसिका_ठाणे
मावशीला आत्ता फोन करून तुमचं सगळं भांडण वाचून दाखवलं. म्हणाली, पुढे-मागे राहू दे, त्या चौघींना पैसे वेळेवर मिळाले का ते विचार.