साताऱ्याच्या पेठांतले वाडे : जपायचे कुणी, कुणाच्या पैशानं?

व्यंकटपुरेकर : रविवारी चिमणपुऱ्याकडे चालत गेलो. गेल्या पावसाळ्यापर्यंत उभा असलेला दुचौकी, म्हणजे दोन चौकांचा, वाडा भुईसपाट झालाय. खांबांखालचे दगडी तळखडे रस्त्याकडेला विकायला रचलेत. एकावर कमळ कोरलंय. बोट फिरवलं तर पाकळीची कड अजून हाताला लागते. थोरल्या शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याखाली वसवलेलं शहर म्हणजे याच पेठा. जुने वाडे पाडायला परवानगी देणंच बंद करा.

मंगळवारपेठ : दादा, तुम्ही दिंडीबाहेरून बघताय. आमच्या माजघरावरची तुळई, छत पेलणारं आडवं लाकूड, वाळवीनं पोकळ झालीय. टेकू लावलाय, त्याच्याशेजारी आई स्वयंपाक करते. मिळकतपत्रिकेवर अकरा नावं, आत तीन भाडेकरू. १९९९ च्या भाडे कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. दीडशे रुपये भाड्यावर ती होते सहा रुपये. सागवानी तुळई कशी आणायची? बंदी घाला म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा आमच्याकडे राहून बघा.

हौदाजवळचा : खाजगी वाड्यांवरून भांडण्याआधी जे सगळ्यांचं आहे ते तरी सांभाळू. जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला डॉ. आंबेडकरांचं नाव दाखल झालं. तिथं वारसांची अडचण नाही, भाडेकरूंची नाही. पेठांतले हौद आणि त्यांना पाणी आणणारे भाजक्या मातीचे खापरी नळही तसेच. गटारासाठी रस्ता खणला की खापराचे तुकडे वर येतात आणि मुरमाबरोबर ट्रॉलीत जातात. मी स्वतः दोन उचलून आणलेत, आतून गुळगुळीत आहेत.

व्यंकटपुरेकर : सहा रुपयांचा हिशेब वाचला. सरसकट बंदीचं बोलणं मागे घेतो. पण राजवाडा तेवढा राखला आणि भोवती सगळे स्लॅब उभे राहिले, तर प्रतापसिंह महाराजांच्या वेळची पेठ पोरांना दाखवायची कुठून? दुरुस्ती करणाऱ्याला घरपट्टी माफ करा. आणि पाडायचाच झाला, तर आधी मोजमापं, नकाशा, फोटो नगरपालिकेत जमा करायची सक्ती हवी.

मंगळवारपेठ : घरपट्टी वाचून तुळई येत नाही. निम्मा खर्च पालिकेनं उचलावा, उद्या सुतार बोलावतो. नाही उचलला तर पुढच्या उन्हाळ्यात वाडा उतरवणार, हे आत्ताच सांगतो. मोजमापं घ्यायला मात्र या. आईला आधी फोन करा, आणि टेकूखाली उभे राहू नका.