सल्ला हवा: जॉय डिव्हिजनचा ‘अननोन प्लेझर्स’ कोणत्या आवृत्तीत ऐकवावा?

उत्तररात्र:
नमस्कार. आमच्या श्रवणमंडळात दर महिन्याला एक संपूर्ण अल्बम सलग ऐकून त्यावर चर्चा होते. पुढील बैठकीची जबाबदारी माझ्याकडे असून, पंक या आक्रमक रॉकमधून पुढे निघालेल्या पोस्ट-पंक प्रकारातील जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा १९७९ सालचा ‘अननोन प्लेझर्स’ ऐकवावा असे मनात आहे. मंडळातील बहुतेक जण शास्त्रीय संगीत आणि सत्तरच्या दशकातील रॉक ऐकणारे आहेत. पंकचा उल्लेख झाला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझे प्रश्न दोन आहेत. अनेक आवृत्त्यांपैकी कोणती घ्यावी? आणि ऐकवण्यापूर्वी पार्श्वभूमी कितपत सांगावी? गायक इयन कर्टिसच्या आत्महत्येपासून सुरुवात केली, तर चर्चा तिथेच अडकेल अशी धास्ती वाटते.

जुनी सुई:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कर्टिसचा मृत्यू १८ मे १९८० रोजी झाला आणि हा अल्बम त्याच्या अकरा महिने आधी, १५ जून १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. ज्यांनी तो पहिल्या वर्षी विकत घेतला, त्यांनी तो एका नव्या बँडची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका म्हणून ऐकला. आपल्या श्रोत्यांनाही तो तसाच ऐकू द्यावा.

पार्श्वभूमी सांगायचीच, तर निर्माता मार्टिन हॅनेट आणि बँड यांच्यातील मतभेदाची सांगावी. सॅलफर्ड आणि मॅकल्सफील्डकडच्या या चौघांनी १९७८ मध्ये आरसीए कंपनीसाठी एक अल्बम मुद्रित केला होता. मात्र त्यावर परस्पर सिंथेसायझर चढवल्याचे त्यांना रुचले नाही आणि तो बाजूला ठेवून ते टोनी विल्सनच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सकडे आले. निर्मात्याच्या ढवळाढवळीला विटलेल्या या मुलांची गाठ मग हॅनेटशी पडली, हा योगायोग मला फार गमतीचा वाटतो.

एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत, मुख्यतः शनिवार-रविवार गाठून, दहा गाणी मुद्रित झाली. हा स्टुडिओ टेन सीसी या बँडच्या सदस्यांच्या भागीदारीतला. त्यांचे ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ इथेच, आवाजांचे थरावर थर चढवून, तयार झाले होते; आपल्या मंडळींना ते गाणे नक्की ठाऊक असेल. हॅनेटने ड्रमर स्टीफन मॉरिसला एकेक ड्रम सुटा वाजवायला लावला, कारण एका ड्रमचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये मिसळलेला त्याला चालत नसे. त्या सुट्या आवाजांना डिजिटल डिलेच्या, म्हणजे आवाज किंचित उशिराने पुन्हा ऐकवणाऱ्या, यंत्रातून काढून त्याने गाण्यांत एक थंड, रिकामी वाटणारी जागा निर्माण केली. ‘इनसाइट’मधील गायन दूर गेल्यासारखे भासावे म्हणून ते टेलिफोनच्या तारेवरून मुद्रित केले, ‘शी’ज लॉस्ट कंट्रोल’मध्ये तालासाठी एरोसोलच्या डब्याचा फवारा वापरला आणि शेवटच्या गाण्यात काचेची बाटली फोडली. मुद्रित आवाजांच्या मिश्रणाच्या वेळी वादकांनी डोकावू नये म्हणून तो वातानुकूलन यंत्र पूर्ण क्षमतेने चालवून खोली गारठवून टाकत असे, असे वादकांनीच पुढे सांगितले आहे.

परिणामी गिटारवादक बर्नार्ड समनर आणि बासवादक पीटर हुक दोघेही नाराज झाले. रंगमंचावर ते दणदणीत आणि आक्रमक वाजवत असत, आणि हॅनेटने त्यातील सगळी धग काढून घेतली असे त्यांचे म्हणणे होते. ध्वनिमुद्रिका पिंक फ्लॉइडसारखी वाटते, ही हुकची तक्रार. कर्टिस आणि मॉरिस यांना मात्र ती आवडली होती, आणि बऱ्याच वर्षांनी हुकनेही हॅनेटचे काम मान्य केले. आपल्या श्रोत्यांना पंक नको आहे, पण पिंक फ्लॉइड चालतो. म्हणजे बँडला जे खटकले, तेच आपल्या मंडळासाठी आत शिरण्याचे दार ठरेल.

म्हणून आवृत्ती २००७ सालची, दोन सीडींची घ्यावी. तिच्या दुसऱ्या सीडीवर मँचेस्टरमधील १३ जुलै १९७९ च्या कार्यक्रमाचे मुद्रण आहे. अल्बम प्रसिद्ध झाल्यावर महिन्याभरातच तीच गाणी हॅनेटविना कशी वाजत होती, हे त्यात ऐकायला मिळते.

खर्ज:
वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण हॅनेटच्या यंत्रांचे कौतुक करताना चौघांचे वादन मागे पडू नये. मी स्वतः बास वाजवतो, त्यामुळे हा पक्षपात समजावा. या बँडमध्ये चाल बहुतेक वेळा बासवर असते आणि गिटार तिच्याभोवती ओरखडे काढते. हुकने सांगितलेले कारण अगदी व्यावहारिक आहे: त्याचा ॲम्प्लिफायर सुमार होता, समनरची गिटार कर्कश होती, आणि स्वतःचे वादन स्वतःला ऐकू यावे म्हणून तो वरच्या पट्टीत वाजवू लागला. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना एवढेच सांगावे, की गाण्याची चाल शोधायची असेल तर कान बासकडे ठेवा. ‘शी’ज लॉस्ट कंट्रोल’ आणि ‘न्यू डॉन फेड्स’ या दोन गाण्यांत हे तत्काळ लक्षात येते.

‘शी’ज लॉस्ट कंट्रोल’ची पार्श्वभूमी मात्र अवश्य सांगावी. कर्टिस अपंग व्यक्तींना नोकरी मिळवून देणाऱ्या सरकारी कार्यालयात काम करत असे. तिथे येणाऱ्या, अपस्माराने ग्रस्त असलेल्या एका तरुणीवरून हे गाणे सुचले. स्वतः कर्टिसला याच विकाराचे निदान जानेवारी १९७९ मध्ये, म्हणजे मुद्रणाच्या थोडेच आधी झाले होते.

माजघर:
माझे मत वेगळे आहे. नवख्या श्रोत्यांसाठी जुलै १९८० मधला ‘क्लोजर’ अधिक बरा. त्यात सिंथेसायझर आणि पियानोला जास्त वाव आहे आणि गाण्यांची वीण घट्ट आहे. ‘अननोन प्लेझर्स’मध्ये ‘इंटरझोन’सारखे गाणे उपरे वाटते. ते आरसीएच्या काळात एका अमेरिकन सोल गाण्याची नक्कल करताना सापडलेले आहे आणि ऐकताना हे लपत नाही.

जुनी सुई:
‘इंटरझोन’बद्दलचा आक्षेप मान्य, अल्बममधील ते सर्वांत कच्चे गाणे आहे. तरीही ‘क्लोजर’ आधी ऐकवू नये, असे मी आग्रहाने म्हणेन, कारण तो कर्टिसच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी आला आणि त्या सावलीबाहेर काढून तो ऐकणे जवळपास अशक्य आहे. आपल्या प्रश्नकर्त्याला नेमके तेच टाळायचे आहे.

उत्तररात्र:
सर्वांचे आभार. त्या काळी या अल्बमचे स्वागत कसे झाले, हेही कोणी सांगावे. आणि मुखपृष्ठावरील रेषांविषयी कोणीतरी विचारणारच.

माजघर:
स्वागत चांगले, पण मर्यादित होते. ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकात समीक्षक जॉन सॅव्हेजने त्याची मोठी प्रशंसा केली, तर ‘साउंड्स’ या दुसऱ्या साप्ताहिकातील परीक्षण संमिश्र होते. विल्सनने स्वतःची बचत घालून १०,००० प्रती काढल्या होत्या. त्यांतील निम्म्या पहिल्या पंधरवड्यात खपल्या. अल्बममधील एकही गाणे एकल ध्वनिमुद्रिका म्हणून काढले नव्हते. ब्रिटनच्या मुख्य खपयादीत हा अल्बम शिरला तो ऑगस्ट १९८० मध्ये, ‘क्लोजर’च्या पाठोपाठ, आणि तेव्हाही ७१ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. आजची त्याची कीर्ती पाहून तेव्हा गल्लोगल्ली तोच वाजत असेल, असा समज श्रोत्यांचा होऊ देऊ नये.

खर्ज:
मुखपृष्ठावरील रेषा म्हणजे १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारचे, म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याचे, रेडिओ स्पंद आहेत. सुमारे १.३४ सेकंदांच्या अंतराने येणारे हे स्पंद एकाखाली एक रचून हॅरोल्ड क्राफ्ट यांनी कॉर्नेल विद्यापीठातील आपल्या १९७० च्या प्रबंधासाठी हा आलेख तयार केला होता. बँडला तो एका खगोलशास्त्रीय कोशात सापडला. पांढऱ्यावर काळा असलेला आलेख मुखपृष्ठकार पीटर सॅव्हिलने काळ्यावर पांढरा केला आणि मुखपृष्ठावर ना बँडचे नाव छापले, ना अल्बमचे. मंडळात कोणी नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिली असेल, तर त्यांना हे चटकन कळेल. पल्सारचे निरीक्षण हा तिथल्या संशोधनाचा एक प्रमुख भाग आहे.

उत्तररात्र:
२००७ ची आवृत्ती मागवली आहे. आधी अल्बम सलग आणि चर्चेनंतर मँचेस्टरच्या कार्यक्रमातील काही गाणी, असा क्रम ठेवतो. ‘इंटरझोन’ वगळावे का?

जुनी सुई:
वगळू नये. मूळ तबकडीच्या दोन बाजूंना ‘आउटसाइड’ आणि ‘इनसाइड’ अशी नावे होती. ‘न्यू डॉन फेड्स’नंतर पहिली बाजू संपते, तिथे सीडी थांबवून चहा द्यावा. ‘इंटरझोन’ दुसऱ्या बाजूला शेवटून दुसरे आहे आणि दोन मिनिटांच्या आसपास संपते; त्याच्यामागून येणारे ‘आय रिमेंबर नथिंग’ इतके संथ आहे, की आधीची ती धावपळ तिथे उपयोगीच पडते.